दोन मजली पेटी: जुना परदेशी ऑर्गन घ्यायचा आणि खान्देशात जगवायचा

भुसावळच्या माझ्या घरासमोर छोट्या हत्तीतून ऑर्गन उतरवत होतो, तेव्हा शेजारच्या आजी ओट्यावर बसून बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "हाई पेटी शे का कपाट शे रे भाऊ?" उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. आकार कपाटाचा, वजन कपाटाचं, आणि पहिले दोन महिने काम पण कपाटाचंच, कारण तो वाजत नव्हता. ती माझीच चूक होती, पुढे सांगतो.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. हा तो नव्हे. ऑर्केस्ट्रावाले ज्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात ते पण हे नव्हे. यात एकावर एक दोन कीबोर्ड असतात. खाली डाव्या पायाने खर्ज वाजवायची पेडलं असतात आणि उजव्या पायाला आवाज कमी-जास्त करायचं पेडल. स्पीकर बहुधा त्याच लाकडी धुडात बसवलेले. लहान घरगुती मॉडेलला वर-खाली 44-44 पट्ट्या आणि 13 पेडलं. यामाहाच्या मोठ्या इलेक्टोनला (यामाहा आपल्या ऑर्गनला याच नावाने विकते) 49-49 आणि 20. चर्चसाठी बनवलेल्यांना 61-61 आणि 30 किंवा 32. जाहिरातीत फोटो असेल तर आधी पेडलं मोजा. विकणाऱ्याला मॉडेल नंबर माहीत नसला तरी एवढ्यावरून जात कळते.

बाजार कुठे आहे

कुठेच नाही, असं म्हटलं तरी चालेल. हॅमंड कंपनीने शिकागोत 1935 साली पहिला ऑर्गन विकला. यामाहाने 1959 मध्ये 'डी-1' या नावाने पहिला इलेक्टोन काढला. त्यानंतरची दोन-तीन दशकं जपान-अमेरिकेत दिवाणखान्यात ऑर्गन असणं ही हौस होती. पुढे बगलेत मावणारा कीबोर्ड तोच ताल आणि तेच आवाज बऱ्याच कमी पैशांत द्यायला लागला. फिरत्या चक्रांवर आवाज काढणारा अस्सल हॅमंड 1970 च्या दशकाच्या मध्यावर बंद झाला. ते नाव आता जपानच्या सुझुकीकडे आहे (गाड्यांची नव्हे, वाद्यांची सुझुकी). टेक्निक्सने वाद्यांचा धंदाच सोडला. लाउरी ही अमेरिकन ऑर्गन कंपनी 2018 च्या सुमारास थांबली. रोलंडची 'अटेलिए' मालिका बंद झाली. यामाहा इलेक्टोन अजून बनवते, पण मुख्यतः जपान आणि आशियातल्या काही देशांसाठी.

म्हणून परदेशात जुने ऑर्गन जवळपास फुकट मिळतात, 'घेऊन जा आणि जागा मोकळी करा' या बोलीवर. ते वाचून नव्या माणसाला वाटतं, मागवून घेऊ. थांबा. वापरलेली वस्तू आयात करणं म्हणजे नवी वस्तू मागवण्यासारखं नाही. भांडवली यंत्रसामग्री सोडली तर जुन्या मालाला परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. त्यावर जहाजाचं भाडं, ड्युटी, जीएसटी, बंदरावरचा खर्च. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आधीच देशात आलेला ऑर्गन शोधावा, हे माझं सरळ मत.

आणि तो सापडतो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली जुनी कुटुंबं, नवापूरपासून धुळ्यापर्यंतची चर्चेस, मिशनच्या शाळा. खान्देशाबाहेर बघायचं तर नाशिक-देवळाली, पुणे, मुंबई. आखातातून किंवा जपानमधून कायमचे परतलेले लोक घरसामानाबरोबर आणतात, मुलं मोठी होतात, आणि मग ऑर्गनवर कपड्यांच्या घड्या बसतात. 'ऑर्गन विकणे आहे' अशी जाहिरात क्वचितच येते. 'जुना मोठा पियानो' म्हणून येते. तसं शोधा. ओळखीच्या फादरना, पास्टरना, शाळेच्या बाईंना विचारून ठेवा. फोन सहा महिन्यांनी येतो, पण येतो.

कोणत्या पिढीचा आहे, हे आधी ठरवा

सगळा लेख वाचायचा कंटाळा आला तर एवढा भाग वाचा. आवाजाच्या प्रेमात पडून ऑर्गन घेऊ नका. यातलं काय बिघडेल आणि ते जळगाव-धुळ्यात कोण दुरुस्त करील, एवढं बघून घ्या.

पहिली पिढी दातेरी चक्रांची, म्हणजे जुना हॅमंड. आत एक मोटर आणि तिच्यावर फिरणारी लोखंडी चक्रं असतात. हॅमंडच्या बी-3 या मॉडेलमध्ये ती 91 आहेत. यंत्र दणकट, वर्षाकाठी तेल पाजलं की चालतं. पण त्याची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. अमेरिकेत 60 हर्ट्‌झ, आपल्याकडे 50. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हा फरक जात नाही. पांढरी एक दाबली की खालच्या पांढरी सहापेक्षा किंचित उतरलेला सूर येतो. 60 हर्ट्‌झ देणारा वेगळा इन्व्हर्टर लावावा लागतो. शिवाय आत व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, त्यात जीवघेणं व्होल्टेज. पेडल आणि बाकासकट बी-3 चं वजन सुमारे 190 किलो. नवशिक्याने याच्या वाटेला जाऊ नये. मीही गेलेलो नाही.

दुसरी पिढी साधारण 1970 च्या दशकातली, ट्रान्झिस्टर आणि आयसीची. वरच्या सप्तकाचे बारा सूर एका ठिकाणी तयार होतात आणि ते निम्मे-निम्मे करत खालची सप्तकं बनतात. गंमत म्हणजे या पिढीचा रोग कानाने ओळखता येतो. एकच पट्टी, एकाच कीबोर्डवर मुकी असेल तर तो पट्टीखालच्या संपर्कातला (काँटॅक्टमधला) कचरा, काळजी नको. एखादा सूर वरच्या सप्तकात वाजतो, पण तिथून खाली सगळीकडे गप्प असेल तर निम्मा करणारी आयसी गेली. साधी आयसी असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल. सगळ्या सप्तकांतला एकच सूर गेला, किंवा बारापैकी चार-पाच सूर एकदम गेले, तर वरचे सूर बनवणारी चिप संशयित. एमके 50240 सारख्या चिप बनायच्या केव्हाच बंद झाल्या. असा ऑर्गन फुकट दिला तरी हात जोडा.

तिसरी पिढी डिजिटल. 1991 चा यामाहा ईएल-90 आणि त्याची भावंडं, टेक्निक्सचे नंतरचे, रोलंडचे अटेलिए. यांच्या आतल्या खास चिप मिळत नाहीत, पण त्या सहसा जातही नाहीत. जातं ते पॉवर सप्लाय, फ्लॉपी ड्राइव्ह, बटणं, डिस्प्ले आणि पट्ट्यांखालचं रबर. हे सगळं आपल्याकडचा टीव्ही-व्हीसीआरच्या जमान्यातला मेकॅनिक करू शकतो. या पिढीचा मोठा गुण म्हणजे मागे मिडीचं (वाद्य आणि संगणक जोडायच्या सोयीचं) गोल, पाच टोचांचं सॉकेट असतं. उद्या आतला आवाज कायमचा बसला तरी एक यूएसबी-मिडी केबल लावून लॅपटॉपवर 'ग्रँडऑर्ग' हे फुकट सॉफ्टवेअर चालवता येतं. पट्ट्या आणि पेडलं आपली, आवाज लॅपटॉपचा. मिडी नसलेला ऑर्गन पहिल्याच खेपेला घेऊ नका. यावर माझ्याशी वाद घालणारे पुण्यात दोघं आहेत, पण त्यांच्या घरी मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जात नाही.

बघायला जाताना

पिशवीत मल्टिमीटर, टॉर्च, मोठ्या पिनेचा हेडफोन, स्क्रू ड्रायव्हर आणि रंगाचा कोरा ब्रश घ्या. आदल्या दिवशी फोन करून सांगा, "काका, मी येईपर्यंत चालू करू नका." थंड यंत्र पहिल्यांदा चालू होताना जे करतं तेच खरं. अर्धा तास तापवून ठेवलेला ऑर्गन बिघाड लपवतो.

गेल्यावर लगेच वाजवायला बसू नका. मागची पाटी वाचा: व्होल्ट, हर्ट्‌झ, वॅट. फोटो काढा. मग परवानगी मागून मागची फळी उघडा. पिन काढलेलीच हवी, आणि पिन काढल्यावरही पॉवर सप्लायजवळ हात घालू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. टॉर्चने बघा. कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का? बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशी दिसते का? ती बहुतेक वेळा मेमरीच्या जुन्या बॅटरीची गळती असते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. कुरतडलेल्या वायरी, उंदराच्या लेंड्या, कापसाचं घरटं? कापूस म्हटलं ते शब्दशः. जिनिंगच्या पट्ट्यातल्या एका घरात मी फळी काढली तर आत चांगली पाव किलो सरकी-रुई निघाली आणि तिच्यात पाच गुलाबी पिल्लं. मालकीणबाईंनी ती पिल्लं आधी सुपात काढून घेतली, मग सौद्याचं बोललो.

लाकडाच्या खालच्या कडा बोटाने दाबा. बहुतेक पेट्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या असतात. पाणी लागलं की पापडासारख्या फुगतात. वाळवीची रेघ असेल तर तिथूनच परत फिरा.

आता चालू करा. पहिल्या मिनिटात नाक वापरा, कान नंतर. मग एक साधा बासरीसारखा आवाज निवडून वरच्या कीबोर्डच्या डावीकडून एकेक पट्टी, मग खालची, मग पेडलं. कंटाळवाणं आहे, पण करा. आवाजाचं पेडल सावकाश वर-खाली करा. खरखर आली तर ती साफ होते, त्यावर भाव पाडून घ्या. फ्लॉपी चालत नसेल तरी घाबरू नका. काही मॉडेलांना फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा 'गोटेक' ड्राइव्ह बसतो. टच स्क्रीन मात्र बोटाला नीट ऐकते का ते बघाच. शेवटी काही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा आणि हेडफोन लावून ऐका. मंद 'हूँ' सगळ्यांना असते. खडबडीत 'हुर्र्' म्हणजे कपॅसिटर बदलायला आले.

किमतीचा आकडा मी सांगणार नाही, कारण इथे ठरलेला दर नाहीच. माझा हिशेब असा: वाहतूक, ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर आणि कपॅसिटर बदलण्याची मजुरी आधी जोडायची. त्याच्याइतकेच पैसे ऑर्गनला, त्याहून जास्त नाही. विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळत नसतं, म्हणून ते ऐकतात. पण म्हाताऱ्या माणसाची आठवण विकत घेत असाल तर फार घासाघीस करू नका. ते शेवटी जुन्या पुस्तकांचा, फ्लॉप्यांचा डबाही काढून देतात, आणि त्यात बऱ्याचदा मूळ माहितीपुस्तिका असते.

आणताना

पेडलं, बाक, पाय जे सुटतं ते सोडवा. स्क्रू पिशवीत घालून पिशवीवर लिहा. ऑर्गन उभाच ठेवायचा, पाठीवर झोपवायचा नाही. खाली गादी, वर गोधडी, त्यावर ताडपत्री. चार माणसं लागतात. तीन पुरतात असं सांगणारा माणूस हमखास चौथा असतो आणि तो गाडीत बसलेला असतो. पावसाळ्यात आणू नका. जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी आधी टेपने मोजा.

वीज

आता माझी चूक. जपानी इलेक्टोन 100 व्होल्टचा असतो. हे मला माहीत होतं. पाटी वाचली होती, फोटोही काढला होता. पण त्या संध्याकाळी घरात पाहुणे, सगळ्यांना ऐकायची घाई, आणि मी दोन चपट्या टोचांच्या पिनेला बाजारातला अॅडॉप्टर लावून थेट 230 च्या बोर्डात घातली. पॅनेलचे दिवे लागले, आधी कधी न दिसलेल्या तेजाने. मग 'टक्', आणि बेकलाइट जळाल्याचा वास. आतला ट्रान्सफॉर्मर गेला. शेतातल्या पंपाच्या मोटरी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याने तो जुन्या तारेचे वेढे मोजून पुन्हा भरून दिला. या बाबतीत खान्देश नशीबवान आहे. पाणबुडी मोटरींमुळे तालुक्यातालुक्यात वाइंडिंगवाले आहेत आणि त्यांचा हात मुंबईच्या दुकानापेक्षा सफाईदार.

त्याच वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर भरून घ्या, पण सांगताना नेमकं सांगा. जपानी ऑर्गनसाठी 230 चे 100. बाजारात तयार मिळतो तो 110 चा, आणि दुकानदार म्हणतो "काही होत नाही". आपल्याकडे रात्री लोड उतरला की लाइन 250 वर जाते, तेव्हा तोच ट्रान्सफॉर्मर जवळपास 120 देतो. शंभराच्या यंत्राला वीस व्होल्ट जास्त, तेही मे महिन्याच्या उकाड्यात. अमेरिकन यंत्राला 115 ठीक. जर्मन, डच, इटालियन ऑर्गन 220-230 चे असतात, त्यांना फक्त स्टॅबिलायझर. क्षमता पाटीवरच्या वॅटच्या दुप्पट ठेवा. पाटीवर 150 असेल तर 300 व्हीए. दोन्ही वाइंडिंग वेगळी हवीत, एकाच वाइंडिंगला मधून तार काढलेला 'ऑटो' ट्रान्सफॉर्मर नको. त्याची न्यूट्रल सुटली तर पूर्ण 230 आत जातात. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला अर्थिंग द्या, आणि ऑर्गनच्या मागे अर्थचा स्क्रू असेल तर त्यालाही. अर्धी घरघर तिथेच संपते. त्या चपट्या पिनेचं सॉकेट मात्र ट्रान्सफॉर्मरलाच कायमचं बसवून घ्या, म्हणजे पाहुणे कितीही आले तरी ती भिंतीत जाणार नाही.

क्रम असा: भिंत, स्टॅबिलायझर, ट्रान्सफॉर्मर, ऑर्गन. स्टॅबिलायझर वीज आल्यावर थोडा थांबून चालू होणारा घ्या, फ्रिजला लावतात तसा. गेलेली वीज परत येते त्या क्षणीच जास्त नुकसान होतं. घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल तर त्यावर ऑर्गन वाजवू नका.

ऊन, कूलर, उंदीर

इलेक्ट्रॉलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या छपराखाली ऑर्गन ठेवला तर काय होईल हे आता तुम्हीच काढा. बदलताना 85 अंशांचे नव्हे, 105 अंशांचे कपॅसिटर मागा. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणा, फरक किरकोळ पैशांचा आहे. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वाजवू नका, पहाटे वाजवा. शेजारी काय म्हणतील याची भीती असेल तर हेडफोन आहेच.

पण उन्हापेक्षा मोठा शत्रू घरातच असतो, तो म्हणजे डेझर्ट कूलर. माणसाला गार वाटावं म्हणून आपण ऑर्गन कूलरच्या झोतात ठेवतो. ती हवा पाण्याने भरलेली असते. एका उन्हाळ्यात पट्ट्यांचे संपर्क काळे पडतात आणि खालची फळी फुगते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, झोत आडवा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, वाजवा किंवा नका वाजवू. आतली ऊब ओल काढते.

उंदरांसाठी मागच्या सगळ्या भोकांना बारीक जाळी मारा, पेडलांच्या फटीसकट. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

धूळ काढायची ती कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने ओढून. ब्लोअरने फुंकली तर ती पट्ट्यांखाली जाऊन बसते. संपर्क साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारणाऱ्या मेकॅनिकला चहा पाजून निरोप द्या. आठ दिवस छान वाजतं, मग त्या तेलावर धुळीचा थर बसतो. पट्ट्या टकटक आवाज करायला लागल्या तर खालची बनात (जाड लोकरी कापड) झिजली. ते काम हार्मोनियमवाल्याचं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला देऊ नका. बिजागरी आणि फळ्या सुताराच्या. एकच माणूस हे सगळं करील असं मनात धरू नका.

आणि जमलं तर त्याच मॉडेलचा दुसरा, मेलेला ऑर्गन मिळाला तर उचलून ठेवा. गोठ्यात एक दुभती आणि एक भाकड. भाकडीच्या पट्ट्या, बटणं, स्पीकर वर्षानुवर्षं पुरतात. घरच्यांची समजूत कशी घालायची ते मला विचारू नका. माझी भाकड सध्या माळ्यावर आहे आणि तिच्यावर पापडांचे डबे आहेत.

शेवटचं काम पहिल्याच दिवशी करा. मागच्या फळीच्या आतल्या बाजूला एक जाड कागद चिकटवा आणि त्यावर मॉडेल, आणल्याची तारीख, कोणते कपॅसिटर कधी बदलले, मेमरीची बॅटरी कोणत्या नंबरची, हे बॉलपेनने लिहा. माझ्या कागदावर सगळ्यात वर, लाल अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं आहे: 100 व्होल्ट.